घर्षणाचा जमाखर्च : स्थितिक विद्युत कशी साठते आणि कशी उतरते

लक्ष्मीपूजन आटोपते, नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, हवेत कोरडा गारवा येतो आणि बजाजनगरातील घराघरांत एक ओळखीचा अनुभव सुरू होतो. अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, बारीक ठिणग्याही दिसतात. मोटारीतून उतरून दाराला हात लावावा तर बोटाला झटका बसतो. कंगव्यामागे केस उभे राहतात. कापडाच्या दुकानात सिंथेटिक साडीची घडी उलगडताना पदर हाताला चिकटतो, आणि धान्य भरताना प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड काही केल्या उघडत नाही. चातुर्मासात यांपैकी काहीच घडत नव्हते. घर, दुकान, कपडे सारे तेच असताना दोन-तीन महिन्यांत असे काय बदलले?

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे; परंतु ते समजण्यास व्यापाऱ्याच्या घरातील माणसाला फारसे कष्ट पडू नयेत. कारण स्थितिक विद्युतेचा सारा व्यवहार जमा, नावे आणि शिल्लक या तीन शब्दांत बसतो. हा व्यवहार समजून घेणे केवळ जिज्ञासेपुरते नाही. ज्यांच्या घरात पेट्रोल पंप, रंगाचे दुकान, तेलगिरणी, डाळमिल किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना आहे, त्यांच्या दृष्टीने तो मालाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

केरबा आणि गवताची काडी

जुन्या जवाहिऱ्यांना केरबा हा पदार्थ ठाऊक असतो. प्राचीन वृक्षांचा चीक जमिनीत लाखो वर्षे राहून दगडासारखा घट्ट होतो, त्याचे पिवळसर पारदर्शक मणी करतात. हा मणी लोकरीवर घासला की गवताच्या काड्या, पिसांचे तंतू स्वतःकडे ओढतो. हा गुण आपल्याकडे इतका परिचित होता की त्यावरूनच त्याचे नाव पडले. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात. फारसीत तो काहरुबा, म्हणजे गवताची काडी ओढून नेणारा. मराठीतील केरबा हे त्याचेच रूप. ग्रीक भाषेत त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. इंग्लंडमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली चुंबकावर ग्रंथ लिहिला, त्यात घासल्यावर केरब्यासारखे वागणाऱ्या पदार्थांसाठी त्याने याच ग्रीक शब्दावरून विशेषण घडविले. आज आपण ज्या शक्तीचे दरमहा बिल भरतो, तिचे जागतिक नाव असे एका दागिन्याच्या मण्यावरून आले आहे.

पुढचे महत्त्वाचे पाऊल १७२९ साली स्टीफन ग्रे या इंग्रज संशोधकाने टाकले. घासलेल्या काचेच्या नळीचा आकर्षणगुण तागाच्या लांब दोऱ्यातून दूरवर नेता येतो, हे त्याने दाखविले. दोरा रेशमी धाग्यांनी टांगला, तर प्रयोग साधत असे. त्याच जागी पितळेची तार वापरली, तर सारा गुण वाटेतच नाहीसा होई. रेशीम विद्युत अडवून धरते आणि धातू तिला निघून जाऊ देतो, हा भेद येथे प्रथम स्पष्ट झाला. शाळेच्या पुस्तकांतील सुवाहक आणि विद्युतरोधक ही जोडी ती हीच. पुढील सर्व विवेचनात हा भेद लक्षात ठेवावा, कारण साठा होणार की उतरणार हे त्यावरच ठरते.

जमा आणि नावे

चार-पाच वर्षांनी फ्रान्समधील शार्ल द्यू फे याने विद्युत दोन प्रकारची असल्याचे दाखवून दिले. एक काच घासल्यावर मिळते, दुसरी राळ किंवा केरबा घासल्यावर. सारख्या प्रकारच्या वस्तू एकमेकींना दूर लोटतात, भिन्न प्रकारच्या जवळ ओढतात. मग या दोन स्वतंत्र शक्ती मानाव्यात काय?

याचे उत्तर अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने दिले. तो पेशाने मुद्रक. दुकान, हिशेब, उधारी यांत मुरलेला. १७४७ साली लंडनमधील पीटर कॉलिन्सन यांना लिहिलेल्या पत्रांतून त्याने मांडले की शक्ती एकच आहे; ती एका वस्तूत गरजेपेक्षा अधिक झाली म्हणजे अधिक आणि दुसरीत कमी झाली म्हणजे उणे. घासण्याने नवीन काही निर्माण होत नाही. एकाकडून जितके गेले तितकेच दुसऱ्याकडे आले. आपल्या देशी नामेपद्धतीत कीर्दीच्या डाव्या बाजूस जमा आणि उजव्या बाजूस नावे लिहितात. एका खात्यात रक्कम पडली की ती दुसऱ्या कोणत्या तरी खात्यातून निघालेली असलीच पाहिजे. फ्रँकलिनने निसर्गाची वही याच नियमाने वाचली. विद्युतप्रभाराची एकूण बेरीज बदलत नाही, हा आजही पदार्थविज्ञानाचा मूलभूत नियम आहे.

देवघेव कशाची होते हे पुष्कळ उशिरा कळले. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन या सूक्ष्म कणाचा शोध लावला. प्रत्येक अणूच्या केंद्रात धन प्रभार असतो आणि सभोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. दोन्ही सारखे असतात तोवर खाते समतोल. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की स्पर्शाच्या जागी काही इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात. कित्येक पदार्थांत विद्युतभारित अणू किंवा पदार्थाचे अतिसूक्ष्म कणही सरकतात. त्यांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे संशोधन अद्याप चालू आहे. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. फ्रँकलिनने काचेकडे अधिक आहे असे अंदाजाने ठरविले होते. प्रत्यक्षात रेशमाने घासलेल्या काचेवरून इलेक्ट्रॉन निघून जातात. त्यामुळे ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन जमा होतात त्या वस्तूला आपण आजही ऋण म्हणतो. पण बाजूंची नावे उलट पडली तरी ताळेबंद जुळतोच.

देणारा कोण आणि घेणारा कोण, हे पदार्थांच्या स्वभावावर ठरते. प्रयोगांवरून त्यांची एक रांग लावता येते. काच, केस, नायलॉन, लोकर आणि रेशीम साधारणपणे इलेक्ट्रॉन देणाऱ्यांच्या बाजूस; कापूस व लाकूड मध्यभागी; रबर, पॉलिस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी आणि टेफ्लॉन घेणाऱ्यांच्या बाजूस. पृष्ठभागाची स्वच्छता, ओल आणि पदार्थाची घडण यांनुसार हा क्रम थोडाफार बदलतो. रांगेत दोन पदार्थ जितके दूर, तितकी देवघेव मोठी. नायलॉनच्या परकरावर पॉलिस्टरची साडी नेसली की ती पायांना का गुंडाळते आणि सुती परकरावर का गुंडाळत नाही, याचे अर्धे कारण या रांगेत आहे. उरलेले अर्धे कारण सुताच्या ओलावा धरण्याच्या गुणात आहे.

शिल्लक का वाढते?

दोन वस्तूंचा स्पर्श तर अहोरात्र चालू असतो. आपण चालतो, बसतो, उठतो, घडी घालतो, पिशवी उघडतो. मग प्रत्येक वेळी झटका का बसत नाही? कारण साठा हा केवळ आवकेवर अवलंबून नसतो. आवक आणि गळती यांतील फरक म्हणजे शिल्लक. टाकीच्या तळाला भोक असेल, तर नळ कितीही वेळ सोडला तरी टाकी भरत नाही. प्रभाराचेही तसेच. तो निर्माण होता होताच जमिनीकडे ओघळून जात असेल, तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. जाण्याची वाट बंद झाली म्हणजे साठा वाढत जातो.

ही वाट उघडी ठेवण्याचे काम पावसाळ्यात ओलावा करतो. दमट हवेत प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर धरतो. त्यात क्षार विरघळलेले असल्याने तो थोडाफार वाहक बनतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो. सामान्य समज असा की ओली हवाच वीज वाहून नेते. वस्तुतः मोठे काम पृष्ठभागावरील या थराचे असते. मराठवाड्याच्या पठारावर दिवाळीनंतर हा थर नाहीसा होऊ लागतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा अगदी शुष्क होते. अशुष्क आणि शुष्क हवेतील अंतर किती असावे? गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत सुमारे १,५०० व्होल्टपर्यंत दाब चढतो; आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर आली की तोच ३५,००० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, असे इलेक्ट्रॉनिक उद्योगात सर्वत्र वापरले जाणारे कोष्टक सांगते. वातानुकूलित दालनात हवेतील ओलावा कमी होतो, म्हणून तेथे उन्हाळ्यातही हिवाळ्याचाच अनुभव येतो.

पादत्राणांचाही यात वाटा आहे. ओलसर शहाबादी फरशीवर अनवाणी चालणाऱ्याच्या अंगावर प्रभार टिकत नाही. पावलागणिक तो जमिनीत उतरतो. जाड रबरी तळव्याचे बूट घालून कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर चालणाऱ्याची मात्र जमिनीशी जाणारी वाट तुटलेली असते. तो चालताबोलता साठा बनतो आणि दाराची कडी दिसताच तो साठा एका क्षणात मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायात नेहमी आढळते. घासण्यापेक्षा विलग होण्याने दाब अधिक वाढतो. प्लास्टिकच्या गुंडाळीवरून पट्टी ओढून काढावी, चिकटपट्टी सोडवावी, साडीच्या दोन घड्या अलग कराव्यात, अशा वेळी परस्परविरुद्ध प्रभार असलेले पृष्ठभाग आपण बळाने दूर करतो. ते एकमेकांना ओढत असतात, आपण त्या ओढीविरुद्ध काम करतो आणि आपले ते श्रम विद्युतदाबाच्या रूपाने तेथे साठतात. प्रभार तेवढाच राहतो, पण अंतर वाढेल तसा व्होल्टचा आकडा चढतो. म्हणून मोटारीच्या आसनावर बसलेले असताना काही जाणवत नाही. आसनावरून उठून बाहेर पडताना अंगावरील कपडे आसनाच्या कापडापासून दूर होतात, तेव्हा दाब वाढतो.

भाव मोठा, माल चिमूटभर

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. घरातील २३० व्होल्टचा धक्का प्राण घेऊ शकतो, मग दहा हजार व्होल्टचा झटका बसूनही माणूस हसत पुढे कसा जातो?

व्होल्ट म्हणजे भाव समजावा आणि प्रभार म्हणजे माल. बिल दोहोंवर ठरते. मानवी शरीराची प्रभार धरण्याची क्षमता अत्यल्प, साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास आहे. दहा हजार व्होल्टचा दाब चढला तरी अंगावर जमलेला प्रभार एका कूलोंबच्या दहालाखाव्या भागाइतका भरतो. इलेक्ट्रॉनांच्या संख्येत हा आकडा सव्वासहा लाख कोटी होतो. ऐकावयास तो प्रचंड वाटतो. पण माणसाच्या शरीरात इलेक्ट्रॉन इतके असतात की ही देवघेव दर ३,७०० लाख कोटींमागे एक एवढीच पडते. एवढ्या किरकोळ फरकाने केस उभे राहतात, यावरून विद्युतबल किती प्रबळ आहे याची कल्पना यावी. या बलाचे गणित १७८५ साली शार्ल कूलोंब याने मांडले : अंतर दुप्पट केले की बल चतुर्थांश होते.

ही सारी शिल्लक एका क्षणार्धात संपते. मुख्य पुरवठ्याची वीज मात्र थांबत नाही. हात सुटेपर्यंत ती वाहत राहते. धोका त्या अखंड प्रवाहात आहे. दहा हजार व्होल्टच्या झटक्यात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे पाच मिलिज्यूल असते. त्वचेला ती सुईच्या टोचणीएवढी वाटते. हा पाच मिलिज्यूलचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा लागणार आहे.

वाळूजच्या कारखान्यांत

बजाजनगर ही वस्ती ज्या उद्योगाच्या नावाने ओळखली जाते, त्या बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या आधाराने सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योगांची रांग या परिसरात उभी राहिली. बँकेच्या सेवेत असताना कर्जमंजुरीपूर्वी आणि पुढे तारण मालाच्या तपासणीसाठी अशा अनेक कारखान्यांत जाण्याचा योग मला आला. त्यांत पावडर कोटिंगचे काम पाहिले म्हणजे स्थितिक विद्युत ही केवळ उपद्रवाची बाब नाही, ती रोजगारही देते, हे पटते.

या कामात ओला रंग नसतो. पॉलिस्टर किंवा इपॉक्सीची मैद्यासारखी बारीक पूड हवेच्या झोतावर एका बंदुकीतून सोडतात. बंदुकीच्या टोकाशी ६० हजार ते एक लाख व्होल्टचा दाब असतो. प्रवाह मात्र नगण्य. तेथून जाताना पुडीचा कण न् कण प्रभारित होतो. समोर हुकाला टांगलेला धातूचा भाग जमिनीशी जोडलेला असतो, म्हणून पूड त्याच्याकडे ओढली जाते. ती वळसा घालून मागच्या बाजूलाही बसते. मग तो भाग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही मिनिटे फिरवतात. पूड वितळून एकसंध थर तयार होतो. खाली पडलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते आणि थिनरची वाफ हवेत जात नाही. खर्च आणि प्रदूषण दोन्ही वाचतात.

या धंद्याचे सारे मर्म त्या साध्या हुकात असते. दिवसामागून दिवस हुकावरही रंगाचे थर चढतात. रंग विद्युतरोधक असल्याने हूक आणि टांगलेला भाग यांतील धातूचा संपर्क तुटतो. मग भागावर आलेला प्रभार उतरण्यास वाट राहत नाही. तो साचतो आणि मागून येणाऱ्या पुडीला दूर लोटू लागतो. थर पातळ बसतो, खडबडीत होतो, माल नापास होऊन परत येतो. पुडीचा खर्च वाढला की मालक पुरवठादाराला दोष देतो आणि दोष बहुधा न घासलेल्या हुकात असतो. हवेत पूड तरंगत असताना अशा तुटलेल्या जोडावर ठिणगी उडाली तर आगीचा धोका वेगळाच. टांगलेल्या भागापासून जमिनीपर्यंतचा रोध दहा लाख ओहमपेक्षा कमी असावा, असा या उद्योगाचा सर्वमान्य दंडक आहे. एका साध्या मीटरने तो मोजता येतो. हूक वेळच्या वेळी धातू दिसेपर्यंत स्वच्छ करणे, हा या धंद्यातील सर्वांत स्वस्त विमा होय.

आणखी एक मर्यादाही कारागिरांना अनुभवाने ठाऊक असते. खोल कोनाड्यात पूड शिरत नाही. प्रभाराची ओढ बाहेरील कडांकडे अधिक असते आणि पोकळीच्या आत ती जवळजवळ नाहीशी होते. कुशल कामगार अशा जागी दाब कमी करून, झोत वळवून पूड पोहोचवतो.

बँकेच्या झेरॉक्सपासून परळीच्या धुराड्यापर्यंत

ज्या यंत्राशिवाय बँकेचे कर्जप्रकरण पुढे सरकत नाही, ते झेरॉक्स यंत्रही याच तत्त्वावर चालते. न्यूयॉर्कमधील चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करीत. कागदपत्रांच्या नकला करण्याचा त्यांना कंटाळा आला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून प्रभारित केला, त्यावर अक्षरांची छाया पाडली आणि बारीक भुकटी शिंपडली. उजेड पडला तेथील प्रभार उतरला; छायेत प्रभार राहिला आणि भुकटी तेवढ्यालाच चिकटली. ही भुकटी मेणकागदावर उमटवून त्यांनी पहिली कोरडी नक्कल मिळविली. त्यापुढे एकवीस वर्षांनी, १९५९ साली, या तत्त्वावरील यशस्वी कार्यालयीन यंत्र बाजारात आले.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत धुरातील राख पकडण्यासाठीही हेच साधन असते. धूर उंच दाबाच्या तारांमधून जातो, राखेचे कण प्रभारित होतात आणि शेजारच्या पत्र्यांवर जाऊन बसतात. उत्तम स्थितीतील यंत्रणा ९९ टक्क्यांहून अधिक राख अशी अडवते. एरवी ती आसपासच्या शिवारावर बरसली असती.

ठिणगी कोठे महाग पडते?

आता पाच मिलिज्यूलच्या आकड्याकडे परत यावे. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर ती पेटण्यास केवळ पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. म्हणजे माणसाच्या बोटावरून उडणारी जी ठिणगी सुईएवढी टोचते, तिच्यात वाफ पेटविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे वीसपट ऊर्जा असते. येथून विषय गंभीर होतो.

द्रव पदार्थ नळीतून वाहतानाही प्रभारित होतात. त्यामुळे टँकर रिकामा करताना तो आणि जमिनीतील टाकी ठळक अशा जोडतारेने जमिनीशी जोडणे हे आपल्या देशात पेट्रोलियम नियम, २००२ नुसार बंधनकारक आहे. ती चिमटी लावण्यापूर्वी नळी जोडू नये. आणि चिमटी रंगावर वा गंजावर नव्हे, उघड्या धातूवर बसली पाहिजे. पेट्रोल वरून धबाधबा ओतल्याने प्रभार अधिक निर्माण होतो, म्हणून नळी तळाशी नेऊन प्रारंभी सावकाश सोडावे लागते.

प्लास्टिकच्या बाटलीत वा कॅनमध्ये पेट्रोल भरून देण्यास मनाई का असते, हेही यावरून कळेल. धातूचा डबा जमिनीवर ठेवला तर प्रभार निघून जातो. प्लास्टिक तो अडवून धरते. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवर स्थितिक विद्युतेमुळे लागलेल्या दीडशेहून अधिक आगींच्या नोंदी गोळा केल्या आहेत. त्यांत अनेकदा वाहनधारक नळी लावून पुन्हा मोटारीत जाऊन बसला आणि परतताना अंगावर प्रभार घेऊन आला, असे आढळते. मोबाइलवर जितका रोष ठेवला जातो, तितका या साध्या कारणाकडे लक्ष जात नाही.

रंग, थिनर, चिकटद्रव्य, छपाईची शाई यांच्या दुकानांत व गोदामांत हेच लागू पडते. सोयाबीनच्या पेंडीतून तेल काढण्यासाठी वापरले जाणारे हेक्झेन तर पेट्रोलइतकेच ज्वालाग्राही आहे. डाळमिल, साखर, पीठ आणि हळदीची पूड यांत वेगळा धोका असतो. बारीक भुकटी हवेत ढगासारखी उडालेली असली की ती स्फोटक बनू शकते. तिला पेटण्यास वाफेपेक्षा अधिक ऊर्जा लागते, परंतु प्रभारित धातूच्या भांड्यावरून किंवा नळावरून निघणारी ठिणगी माणसाच्या ठिणगीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. म्हणून लोखंडी नळ, चाळणी, गाळणी, गोणी भरण्याचे तोंड, सर्व धातूचे भाग एकमेकांशी आणि जमिनीशी जोडलेले असावेत. तुटकी जोडतार ही दिसायला लहान त्रुटी असली, तरी गोदाम भरलेले असताना ती लहान राहत नाही.

उलट टोकाला इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान. माणसाला तीन हजार व्होल्टच्या खालील झटका बहुधा जाणवतही नाही, पण संगणकातील काही सूक्ष्म भाग शंभर व्होल्टखालीही निकामी होतात. म्हणून त्यांची जुळणी करणारे कामगार मनगटाला एक पट्टा बांधतात. या पट्ट्याच्या तारेत मुद्दाम दहा लाख ओहमचा रोध बसविलेला असतो. साठा उतरावा, पण एकदम नव्हे. हळूहळू उतरावा, आणि चुकून मुख्य विजेशी संपर्क आला तर कामगाराला इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू.

आकाशातील खाते

बोटावरील ठिणगी आणि आकाशातील वीज एकाच जातीच्या आहेत, हे फ्रँकलिनच्या सूचनेवरून १७५२ साली सिद्ध झाले. ढगात घर्षण होते ते बर्फाच्या हलक्या स्फटिकांचे आणि गारांसारख्या जड मऊ कणांचे. टकरीनंतर हलके स्फटिक धन प्रभार घेऊन वर जातात, जड कण ऋण प्रभारासह खाली राहतात. वाऱ्याचे जोरदार झोत त्यांना दूर करतात आणि दाब कोट्यवधी व्होल्टपर्यंत चढतो. अखेर हवा फुटते आणि साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात वाहून जातो. त्या वाटेवरील हवा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे पाचपट तापते. कोरड्या हवेत एका सेंटीमीटरचे अंतर ओलांडण्यास सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, यावरून दाबाची कल्पना करावी.

आपल्या देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात हा धोका अधिक असतो. शेतात वा बाजार समितीच्या उघड्या आवारात माल मोजला जात असताना गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे; झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप परिसरातील विजेची आगाऊ सूचना देते. मुनीम आणि हमालांच्या मोबाइलवर ते असावे. उंच गोदामांवर, शिखरांवर बसविलेला तडितरक्षक दरवर्षी पावसापूर्वी तपासून घ्यावा. त्याची जमिनीत गेलेली पट्टी गंजून तुटली असेल, तर वरील टोकदार सळईचा उपयोग होत नाही.

व्यवहारात काय करावे

घरासाठी थोडक्यात असे सांगता येईल :

• मोटारीतून उतरताना दाराची धातूची चौकट हातात धरून उतरावे. प्रभार साठण्यापूर्वीच जातो आणि झटका बसत नाही.
• झटका बसतोच असे वाटले, तर आधी किल्ली हातात घट्ट धरून तिच्या टोकाने कडीला स्पर्श करावा. ठिणगी बोटाऐवजी धातूवर पडते.
• कोरड्या दिवसांत सुती वस्त्रे, सुती परकर आणि सुती पायमोजे वापरावेत.
• वातानुकूलित खोलीत पाण्याचे भांडे किंवा हवेतील ओलावा वाढविणारे यंत्र ठेवावे.

दुकान, पंप आणि कारखान्यासाठी :

• ज्वालाग्राही द्रव धातूच्या भांड्यातच ओतावा, दोन्ही भांडी जोडतारेने एकमेकांशी व जमिनीशी जोडावीत.
• टँकर, टाकी, हूक, नळ यांच्या जोडांची नियमित तपासणी करून तारखेसह नोंद ठेवावी. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हीच नोंद मागते.
• थिनर वा हेक्झेनजवळ काम करणाऱ्यांचे बूट प्रभार उतरविणारे असावेत. लोकरी वा नायलॉनचे कपडे तेथे चढवू वा उतरवू नयेत.
• भुकटी साठलेल्या जागा झाडून नव्हे, योग्य यंत्राने शोषून स्वच्छ कराव्यात.

व्यवसायातील बुजुर्ग सांगत की उधारी वाढू द्यावी, पण तिचा हिशेब वेळच्या वेळी मिटवावा. थोडे थोडे येत राहिले तर कोणी बुडत नाही, आणि साचू दिले तर एखाद्या दिवशी पेढीच उलथते. प्रभाराचा स्वभाव तसाच आहे. स्पर्श आणि हालचाल चालू असेपर्यंत तो निर्माण होणारच. जमिनीकडे जाणारी सावकाश वाट उघडी ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. ओलसर फरशी, धातूची तार, मनगटाचा पट्टा, सुती वस्त्र आणि तडितरक्षक ही त्या एकाच वाटेची निरनिराळी रूपे आहेत. येत्या कोरड्या दिवसांत आपल्या गोदामातील, पंपावरील किंवा कारखान्यातील ती वाट कोठे तुटलेली तर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.